नाद टिकविण्याची साधना

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन.)



आजच्या या व्याख्यानासाठी विषय निवडण्याचे स्वातंत्र्य आयोजकांनी मला दिले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. क्वांटम संगणक हा शब्द अलीकडे आपल्या सर्वांच्या कानांवरून जातो. ते यंत्र कोणती सांकेतिक कुलपे उघडील, कोणती औषधे शोधून काढील, याची वर्णने आपण वाचलेली असतील. मी आज त्या चमत्कारांविषयी बोलणार नाही. त्या यंत्राच्या अंगावर साचणाऱ्या मळाविषयी बोलणार आहे. हा मळ जेमतेम तीन नॅनोमीटर जाडीचा असतो. माणसाच्या केसाच्या जाडीचे पंचवीस हजार भाग केले तर त्यांतील एका भागाइतका. परंतु या एवढ्याशा पापुद्र्याने जगातील उत्तमोत्तम प्रयोगशाळांना वीस वर्षे झुंजविले आहे. त्या झुंजीची हकीकत आपणांसमोर मांडावी, एवढाच माझा हेतू आहे.

घंटा आणि बोट

देवळातील घंटेवर एक टोल द्यावा आणि कान देऊन ऐकावे. टोल क्षणात संपतो, नाद मात्र कितीतरी वेळ घुमत राहतो. त्याच घंटेला बोटाचा नुसता स्पर्श होऊ द्या, नाद तत्काळ बसतो. घंटा तीच, टोलही तोच. पण तिची ऊर्जा बोटाने शोषून घेतली. आजचे सारे व्याख्यान या एका दृष्टान्तात सामावलेले आहे.

क्वांटम संगणकाच्या मूळ घटकाला क्युबिट म्हणतात. नेहमीच्या संगणकातील बिट शून्य किंवा एक, यांपैकी एकाच स्थितीत असतो. क्युबिट या दोन्ही स्थितींच्या संयोगात राहू शकतो आणि या यंत्राचे सारे सामर्थ्य त्या संयोगातून येते. क्युबिट अनेक प्रकारांनी घडविता येतो. अतिसंवाहक धातूच्या विद्युत् मंडलापासून घडविलेला क्युबिट हा त्यांतील एक आघाडीचा प्रकार. नीलम किंवा सिलिकॉन यांच्या चकतीवर धातूचा पातळ थर चढवायचा, त्यातून मंडल कोरायचे आणि त्यात एक जोसेफसन जोड बसवायचा. जोड म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये एक-दोन नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पडदा. असे मंडल एखाद्या अणूसारखे वागते. हातात धरता येईल एवढे विद्युत् मंडलही क्वांटम नियम पाळते, हे जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस यांनी बर्कली येथे १९८४-८५ साली प्रयोगाने दाखविले. त्या कार्यासाठी २०२५ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक त्यांना देण्यात आले.

हे मंडल सेकंदाला सुमारे पाच अब्ज वेळा कंप पावते. बाहेरच्या उष्णतेने त्याची शांती ढळू नये म्हणून ते निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या एक-दोन शतांश अंशावर ठेवावे लागते. अंतराळाच्या पोकळीपेक्षाही हे तापमान शेकडो पटींनी कमी आहे. एवढी सारी व्यवस्था कशासाठी? तर एकदा दिलेल्या टोलाचा नाद गणित पुरे होईपर्यंत टिकावा यासाठी. ऊर्जा गळाली की क्युबिट आपली माहिती विसरतो आणि त्याबरोबर गणितही बुडते.

१९९९ साली जपानमधील एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत नाकामुरा, पाश्किन आणि त्साई यांनी अशा मंडलातील क्वांटम आंदोलने पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिली. तेव्हा नाद काही नॅनोसेकंदच टिकला. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. पुढील काही वर्षांत मंडलाच्या रचनेत मोठे बदल झाले. येल विद्यापीठात २००७ साली मांडलेल्या ट्रान्समॉन या रचनेने विद्युत्भाराच्या चढउतारांचा उपद्रव जवळजवळ संपविला. रचनेने जे साधायचे ते पुष्कळसे साधले. तरीही नाद बसतच होता. आता प्रश्न धातूकडे आणि त्याच्या पृष्ठभागाकडे वळला.

विरोध शून्य, तरी गळती का?

येथे कोणीही सुज्ञ श्रोता विचारील, की अतिसंवाहक धातूत विद्युत्प्रवाहाला विरोध नसतो, हे तर १९११ साली कामरलिंग ओनेस यांनी पाऱ्यावर प्रयोग करून दाखविले. मग ऊर्जा गळेलच कशी?

प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की क्युबिटाची सारी ऊर्जा धातूत नसते. तिचा मोठा वाटा धातूभोवतीच्या विद्युत् क्षेत्रात असतो. ते क्षेत्र खालच्या चकतीत पसरते, वरच्या पोकळीत पसरते आणि वाटेत धातूच्या पृष्ठभागावरील पापुद्र्यातून जाते. धातू निर्दोष असेल, पण त्याच्या अंगावरचा पापुद्रा निर्दोष नसतो. हवेचा स्पर्श होताच धातूवर ऑक्साइड चढतो. मंडल कोरताना वापरलेल्या रसायनांचे अवशेष मागे राहतात. धातू आणि चकती यांच्या सांध्यातही काही अडकून बसते. धातू आणि हवा, धातू आणि चकती, चकती आणि हवा, अशा तीन सीमा आहेत आणि तिन्ही सीमांवर चोर दबा धरून बसलेला आहे.

हा चोर कोण, याचा माग क्वांटम संगणकाच्या शोधात लागलेला नव्हता. तो लागला होता काचेच्या अभ्यासात. १९७१ साली झेलर आणि पोल यांनी असे दाखविले, की अतिशीत तापमानात काच स्फटिकापेक्षा फार वेगळी वागते. तिची उष्माधारकता अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक भरते. पुढच्याच वर्षी फिलिप अँडरसन, बर्ट्रंड हॅल्पेरिन आणि भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ चंद्र वर्मा यांनी, आणि स्वतंत्रपणे डब्ल्यू. ए. फिलिप्स यांनी, त्याचे कारण मांडले. काचेत अणूंची मांडणी विस्कळीत असते. त्यामुळे काही अणूंना किंवा अणुगटांना बसायला जवळजवळ सारख्याच सोयीच्या दोन जागा मिळतात आणि क्वांटम नियमांमुळे ते मधला अडसर न ओलांडताही एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊ शकतात. यांना द्विस्तरीय दोष म्हणतात. धातूवरील ऑक्साइडही असाच विस्कळीत, काचेसारखा असतो. या दोषांपैकी ज्याची कंपनसंख्या क्युबिटाशी जुळते, तो क्युबिटाची ऊर्जा गिळतो. घंटेवरचे बोट ते हेच.

या चोराची एक खोडी फार विलक्षण आहे. मंडलात पुष्कळ ऊर्जा सोडली, तर हे दोष तृप्त होऊन बसतात, आणखी काही घेत नाहीत. तापमान वाढले, तरीही त्यांचे शोषण कमी होते. म्हणजे भरपूर ऊर्जा देऊन परीक्षा घेतली की पदार्थ उत्तम ठरतो. आणि ज्या शांत, शीत, एकेका कणाच्या अवस्थेत क्वांटम संगणकाला काम करायचे असते, नेमक्या त्याच अवस्थेत हे दोष सर्वाधिक भुकेले असतात. मार्टिनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली हे स्पष्टपणे दाखवून दिले. मंडलातील रोधक पदार्थ बदलून आणि जोडाचे क्षेत्रफळ घटवून त्यांनी ऊर्जा गळण्याचा वेग सुमारे २० पटींनी कमी केला. त्या दिवसापासून या क्षेत्रात पदार्थविज्ञान मागच्या बाकावरून पुढच्या बाकावर आले, असे म्हणावयास हरकत नाही.

दोन मार्ग

मग उपाय काय? एक ढोबळ हिशेब मांडू. समजा, मंडलाच्या एकूण विद्युत् ऊर्जेचा दहा हजारावा भाग त्या पापुद्र्यात आहे आणि पापुद्र्यातील गळतीचे प्रमाण हजारात एक आहे. दोहोंचा गुणाकार केला की एकूण गळती कोटीत एक एवढी येते. ऐकताना हे प्रमाण नगण्य वाटते. पण सेकंदाला पाच अब्ज कंपने करणाऱ्या मंडलाचा नाद एवढ्या गळतीने तीन दशांश मिलिसेकंदाच्या आसपास विरून जातो. गळती कमी करायची, तर या दोन संख्यांपैकी एक तरी घटविली पाहिजे.

पहिला मार्ग पापुद्र्यातील ऊर्जेचा वाटा घटविण्याचा. धातूच्या पट्ट्या रुंद करायच्या, त्यांच्यातील अंतर वाढवायचे, म्हणजे क्षेत्र पृष्ठभागाशी दाटत नाही. येल विद्यापीठात २०११ साली क्युबिट एका धातूच्या पोकळ पेटीत बसवून हा मार्ग टोकापर्यंत नेला गेला आणि आयुष्य ६० मायक्रोसेकंदांपर्यंत पोहोचले. परंतु या मार्गाची किंमत जागेच्या रूपाने मोजावी लागते. क्युबिट मोठा झाला, की हजारो क्युबिट शेजारी शेजारी बसविणे अवघड होते.

दुसरा मार्ग मळच काढण्याचा. तो अधिक कष्टाचा, आणि माझ्या दृष्टीने अधिक शिकण्यासारखा आहे.

प्रिन्स्टन विद्यापीठातील नॅथली डी लिऑन, अँड्र्यू हाउक आणि रॉबर्ट कावा यांचे उदाहरण घ्या. हाउक क्युबिटांचे जाणकार, डी लिऑन हिऱ्याच्या पृष्ठभागांचा अभ्यास करणाऱ्या, आणि कावा हे रसायनशास्त्रज्ञ. मंडलासाठी प्रचलित धातू होते ॲल्युमिनियम आणि नायोबियम. या मंडळींनी टँटलमची निवड केली. नायोबियमवर अनेक प्रकारचे ऑक्साइड एकावर एक चढतात. टँटलमवर मुख्यतः एकाच प्रकारचा, घट्ट आणि सुसंगत ऑक्साइड बसतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की टँटलमला आम्लाचे भय नसते. गंधकाम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे पिरान्हा नावाचे उग्र मिश्रण सेंद्रिय मळ जाळून टाकते. ॲल्युमिनियमचा थर त्यात तग धरणार नाही. टँटलम निर्धास्तपणे न्हाऊन निघतो. नीलमाच्या चकतीवर टँटलम चढविला, तो असा धुऊन काढला, क्ष-किरणांनी आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पृष्ठभाग पुन्हा पुन्हा तपासला, आणि २०२१ साली क्युबिटाचे आयुष्य तीन दशांश मिलिसेकंदापलीकडे गेल्याचे त्यांनी जाहीर केले. जोड मात्र ॲल्युमिनियमचाच राहिला.

या धातूच्या नावाची कथाही सांगण्याजोगी आहे. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ एकेबर्ग यांनी १८०२ साली तो शोधला. आम्लात बुडवूनही त्याचा ऑक्साइड आम्ल शोषीत नाही, हे पाहून त्यांना ग्रीक पुराणातील टँटॅलस आठवला. गळ्याइतक्या पाण्यात उभा असूनही ज्याला थेंबभर पाणी पिता येत नाही, असा शापित राजा. ज्या गुणामुळे हे नाव पडले, तोच गुण दोनशे वर्षांनी कामी आला.

घरोघरची कल्हई

येथे बसलेल्या भगिनींना एक गोष्ट मी वेगळी सांगण्याची गरज नाही. पितळेच्या पातेल्यात आमटी ठेवली की ती कळकते, म्हणून आपल्या आजी-पणजी भांड्यांना कल्हई करून घेत. पितळ काढून टाकीत नसत. त्याच्यावर कथलाचा पातळ थर चढवीत. अमेरिकेतील फर्मीलॅब या प्रयोगशाळेच्या नेतृत्वाखाली नेमका हाच विचार नायोबियमच्या बाबतीत झाला. नायोबियमचा थर चढविल्यावर, त्याला हवा लागू देण्यापूर्वीच, निर्वातातच त्यावर टँटलमसारख्या धातूचा पातळ थर देण्यात आला. नायोबियमचा घातक ऑक्साइड मग तयारच होत नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात उत्तम क्युबिटाचे आयुष्य सहा दशांश मिलिसेकंदापर्यंत पोहोचले. त्याच प्रयोगशाळेत नायोबियमच्या पोकळ्या निर्वातात तापवून त्यांवरील ऑक्साइड विरघळविण्यात आला होता आणि अशा पोकळीत सूक्ष्मतरंगांची ऊर्जा तब्बल दोन सेकंदांपर्यंत टिकल्याचे २०२० साली दाखविण्यात आले. पृष्ठभाग शुद्ध केल्याने काय साधते, याचा याहून बोलका पुरावा कोणता असणार?

बीजिंगमधील एका गटाने २०२२ साली टँटलमचाच आधार घेऊन अर्ध्या मिलिसेकंदाचा टप्पा गाठला. प्रिन्स्टनची मंडळीही थांबली नाहीत. वरचा पृष्ठभाग स्वच्छ झाल्यावर त्यांनी उरलेल्या गळतीचा हिशेब बारकाईने मांडला, तेव्हा लक्षात आले, की आता खालची नीलमाची चकतीही तितकीच दोषी आहे. एक चोर पकडला की त्याच्यामागे लपलेला दुसरा दिसू लागतो. त्यांनी नीलम सोडून अत्यंत शुद्ध, उच्चविरोधी सिलिकॉन घेतला. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात सर्वोत्तम क्युबिटाचे आयुष्य १.६८ मिलिसेकंद नोंदविलेले आहे. एका मिलिसेकंदात असे मंडल सुमारे पन्नास लाख कंपने करते. त्यातील एकेक क्रिया काही दशक नॅनोसेकंदांत उरकते, म्हणजे एवढ्या अवधीत हजारो क्रियांना वाव मिळतो.

या कष्टाचे व्यावहारिक फळही समजून घेतले पाहिजे. क्युबिट चुकतात, म्हणून अनेक क्युबिट मिळून एक भरवशाचा क्युबिट घडवावा लागतो. गूगलच्या विलो या १०५ क्युबिटांच्या यंत्रावर डिसेंबर २०२४ मध्ये असे दाखविण्यात आले, की समूह मोठा केला तर चुकांचे प्रमाण घटते. मात्र त्यासाठी मूळ क्युबिट एका मर्यादेपेक्षा चांगला असावा लागतो आणि तो जितका चांगला, तितका समूह लहान पुरतो. पृष्ठभागाची शुद्धी ही म्हणून केवळ सौंदर्यदृष्टीची बाब नाही. भावी यंत्राला लाखो क्युबिट लागतील की त्याहून कितीतरी कमी पुरतील, हे पुष्कळसे तिच्यावर ठरणार आहे.

काम संपले, असे मात्र समजू नका. जोसेफसन जोडाच्या पोटातील ऑक्साइड हा स्वतःच विस्कळीत आहे आणि तो काढून टाकता येत नाही, कारण जोड त्याच्यामुळेच जोड असतो. दोष आपल्या जागा बदलीत असल्याने एकाच क्युबिटाचे आयुष्य तासातासाला बदलते. प्रयोगशाळेतील एका उत्तम नमुन्याचा गुण शेकडो क्युबिटांच्या प्रत्येक चकतीत उतरविणे हे तर वेगळेच आव्हान आहे.

आपल्या अंगणात

आपला देश या वाटेवर कोठे आहे? मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतिसंवाहक क्युबिटांवर अनेक वर्षे काम चालू आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथे घडविलेल्या सहा क्युबिटांच्या प्रक्रियकाची चाचणी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. क्युबिटांची रचना आणि निर्मिती या संस्थेची, नियंत्रणाची यंत्रणा संरक्षण संशोधन संस्थेच्या पुण्यातील तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेची, आणि दूरस्थ वापराची व्यवस्था टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम अभियानास ६,००३.६५ कोटी रुपयांची मंजुरी दिली आणि त्यात पदार्थ व उपकरणे यांसाठी दिल्लीच्या आयआयटीत स्वतंत्र केंद्र ठेवले, ही समाधानाची गोष्ट आहे.

सहा हा आकडा लहान आहे आणि तो लहान आहे हे मान्य करण्यात कमीपणा नाही. मला चिंता आकड्याची नाही. मी आयुष्यभर महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविले. प्रयोगशाळेत काचेची भांडी नीट धुवा, असे सांगितले की बुद्धिमान विद्यार्थ्यांच्या कपाळावर आठी पडे. हे काम शिपायाचे, आपले काम समीकरणे सोडविण्याचे, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर मी वाचलेला आहे. पालकांचेही तसेच. मुलगा संगणकशास्त्राला गेला तर पेढे वाटले जातात. मुलगी रसायनशास्त्राला किंवा धातुशास्त्राला गेली तर शेजारी हळहळतात. आणि येथे आपण पाहिले, की जगातील सर्वांत प्रगत संगणकाचे भाग्य आम्लाच्या एका स्नानावर, निर्वातात दिलेल्या एका कल्हईवर आणि चकतीच्या शुद्धतेवर अवलंबून आहे. प्रिन्स्टनमध्ये क्युबिटांचा जाणकार आणि रसायनशास्त्रज्ञ एकत्र आले, म्हणून गाडे पुढे सरकले.

पंचावन्न वर्षांपूर्वी काचेच्या उष्माधारकतेचे मोजमाप करणाऱ्यांच्या मनात कोणताही संगणक नव्हता. त्यांनी फक्त एक न जुळणारी संख्या दुर्लक्षिली नाही. त्यांचे ते काम आज कामाला आले. आपल्याकडील यंत्रे विकत आणता येतील, आराखडेही निबंधांतून वाचता येतील. पण पृष्ठभाग पुन्हा पुन्हा धुणारा, तपासणारा, बिघडला तर न कंटाळता पुन्हा पहिल्यापासून आरंभ करणारा हात विकत मिळत नाही. तो घरात आणि शाळेत घडवावा लागतो.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. आपल्या घरातील एखादे मूल उद्या म्हणाले, की मला धातूंचा, स्फटिकांचा, पृष्ठभागांचा अभ्यास करायचा आहे, तर त्याची समजूत घालू नका. त्याच्या पाठीवर हात ठेवा. घंटा घडविणारे पुष्कळ आहेत; नाद कोठे आणि का बसतो, हे कान देऊन ऐकणारे थोडे आहेत, आणि देशाला त्यांची गरज आहे.